धर्म सोडून गेलेल्या लेकींच्या मनाचं काय?

केरळमधल्या सफिया पी. एम. यांची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गाजते आहे. सफिया जन्मानं मुस्लिम, पण त्या आता धर्म मानत नाहीत. 'एक्स-मुस्लिम्स ऑफ केरळ' या संघटनेच्या त्या सरचिटणीस आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे. मी धर्मच मानत नाही, तर माझ्या वारसाहक्काला शरियतचे नियम का लावायचे? मला देशाचा सर्वसाधारण वारसा कायदा का लागू होऊ नये?

एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने या प्रश्नाची दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला आपली भूमिका मांडायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्याच नौशाद के. के. यांच्या याचिकेवर नोटीस निघाली. त्यांची मागणी जरा वेगळी. ते म्हणतात, मी धर्म सोडलेला नाही आणि सोडायचाही नाही, पण माझ्या संपत्तीची वाटणी भारतीय वारसा कायद्यानं व्हावी.

कायद्याचा पेच खरा आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातला वाटणीचा भाग मुस्लिमांना लागू नाही. १९३७ च्या शरियत कायद्यात, धर्म सोडलेल्या माणसाचं काय करायचं याचा विचारच केलेला नाही. म्हणजे माणूस एका घरातून बाहेर पडला आणि दुसऱ्या घराचं दार बंद. तो उभा राहिला रस्त्यावर.

टीव्हीवर यावर चर्चा झाल्या. एका बाजूला 'बघा, बायका इस्लाम सोडून पळतायत' असा आनंद, दुसऱ्या बाजूला 'ही सगळी ठरवून केलेली बदनामी' असा संताप. समान नागरी कायदा, व्होट बँक, परदेशी पैसा, सगळं येऊन गेलं. एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. अशा बाईच्या मनाचं काय होतं? ज्या घरात, ज्या अजानच्या आवाजात, ज्या ईदच्या सकाळी ती मोठी झाली, ते सगळं मागे टाकून आल्यावर तिला झोप लागते का? ती बरी कशी होते?

हा विषय आपल्याकडे कशाला, असं काही वाचकांना वाटेल. मला उलट वाटतं. हा विषय सगळ्यात आधी आपलाच आहे. कारण त्या आपल्या लेकी आहेत.

नव्वद वर्षांपूर्वीही हा प्रश्न आला होता

आज ऐकायला नवल वाटेल, पण बायकांनी धर्म सोडण्याचा प्रश्न भारतीय मुस्लिम समाजापुढे १९२० आणि १९३० च्या दशकातही आला होता. तोही मोठ्या प्रमाणावर, आणि मुख्यतः पंजाबात.

कारण काय होतं? हनफी फिकहप्रमाणे त्या काळी बाईला नवऱ्यापासून सुटका मिळवणं जवळजवळ अशक्य होतं. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिनं वाट बघायची. नवरा मारतो, खर्चाला देत नाही, दुसरं घर थाटून बसलाय, तरी तो तलाक देत नसेल तर ती अडकलेली. मात्र एक पळवाट होती. बाईनं धर्म सोडला तर निकाह आपोआप तुटतो, असं न्यायालयं मानत होती. मग बायका न्यायालयात किंवा मिशनऱ्यांकडे जाऊन सांगू लागल्या, 'मी आता मुस्लिम नाही.' त्यातल्या कित्येकींचं अल्लाहशी काहीच भांडण नव्हतं. त्यांना फक्त नवऱ्यापासून सुटायचं होतं. त्यासाठी इमान गहाण ठेवावं लागत होतं.

पंजाबातल्या बायकांवर धर्म सोडायची वेळ येते आहे, ही खंत अल्लामा इक्बाल यांनीही आपल्या व्याख्यानांत बोलून दाखवली होती. आणि देवबंदी परंपरेतले सर्वांत मोठे आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांनी काय केलं? त्यांनी नुसता कुफ्रचा शिक्का मारून विषय संपवला नाही. मदिनेतल्या मालिकी उलेमांशी पत्रव्यवहार केला आणि 'अल-हीला अन-नाजिझा' हा ग्रंथ तयार केला. हनफी फिकहमध्ये दार बंद असेल तर मालिकी फिकहचं दार उघडा, असा त्याचा आशय. त्यातूनच पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर बाईला न्यायालयातून विवाह संपवता येतो, हे त्यात लिहिलं गेलं.

या कायद्यानं एक दार बंदही केलं. केवळ धर्म सोडल्यानं निकाह तुटणार नाही, असंही त्याच कायद्यात म्हटलं आहे. म्हणजे हेतू फक्त बाईच्या भल्याचा होता असं नाही, समाजाची संख्या टिकवण्याचाही होता. पण तरी एक गोष्ट मानायला हवी. त्या पिढीच्या उलेमांनी 'ही का चालली?' हा प्रश्न विचारला, उत्तर शोधलं आणि स्वतःच्या मतातही बदल केला. आज आपण तेवढंही करतो का?

देव सुटतो, भीती सुटत नाही

माझी एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही. कोकणातल्या एका गावातली. लग्न नात्यातच झालं. नवरा आखातात, सासर गावात. मारहाण सुरू झाली तेव्हा तिनं खुला मागितला. जमातीच्या बैठका झाल्या. बैठकीत बोलायचे ते वडील आणि दीर, ती आतल्या खोलीत पडद्यामागे. पहिल्या बैठकीत सबर करायला सांगितलं. दुसऱ्या बैठकीत मेहर परत द्या म्हणाले. तिसरी बैठक झालीच नाही. अशी दोन-अडीच वर्षं गेली. शेवटी ती निघून पुण्याला आली, नोकरी धरली. आधी नवरा सुटला, मग हळूहळू नमाज सुटली, मग एक दिवस तिनं स्वतःशीच कबूल केलं की आता आपण काहीच मानत नाही.

आता सगळ्यांना वाटेल, सुटली बिचारी. पण तसं झालं नाही. रमजानमध्ये तिला सहरीच्या वेळी आपोआप जाग यायची. रोजा नसायचा, पण दिवसा पाण्याचा घोट घेताना ती आजूबाजूला बघायची. अंगावर ओढणी नसली की रिक्षात बसल्यावर हात गळ्यापाशी जायचा. ताप आला तरी वाटायचं, ही शिक्षा आहे. एकदा मला म्हणाली, "देव सुटला गं, पण भीती सुटली नाही."

तिची ही अवस्था काही जगावेगळी नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी अशा माणसांसोबत अनेक वर्षं काम केलं. त्या स्वतः कडव्या ख्रिस्ती कुटुंबात वाढल्या होत्या. २०११ मध्ये त्यांनी या अवस्थेला 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' असं नाव दिलं. वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत हा आजार म्हणून नोंदलेला नाही, पण त्यातली लक्षणं ओळखीची आहेत. सतत अपराधी वाटणं, नरकाची भीती, स्वतःच्या निर्णयावर विश्वास नसणं, एकटेपण, झोप न येणं, जगण्याचा अर्थच हरवल्यासारखं वाटणं.

लहानपणापासून मनात रुजलेली गोष्ट डोक्यानं नाकारली तरी शरीर ती लगेच सोडत नाही. पुरुषापेक्षा बाईच्या बाबतीत हे जास्त खोल जातं. मुलगा नमाजला गेला नाही तर घरात दोन दिवस कटकट होते. मुलीच्या बाबतीत प्रश्न तिच्या कपड्याचा, तिच्या केसांचा, तिच्या आवाजाचा, तिच्या येण्याजाण्याच्या वेळेचा असतो. घराण्याची इज्जत तिच्या अंगावर ठेवलेली असते. म्हणून ती बाहेर पडते तेव्हा नुसता एक विचार सोडत नाही. तिला स्वतःच्या शरीराशी नव्यानं ओळख करून घ्यावी लागते.

आणि मग शोक. हो, शोकच. कुणी मेलेलं नसतं, पण अम्मीचा फोन बंद झालेला असतो. बहिणीच्या लग्नाचं बोलावणं येत नाही. ईदला शेजारच्या घरातून शीरखुर्म्याचा वास येतो आणि आपल्याला कुणी 'ईद मुबारक' म्हणत नाही. मेल्यावर आपलं काय करतील, कुठे नेतील, हाही प्रश्न रात्री सतावतो. या शोकाला समाजात जागा नाही. धर्म सोडलाय तर आता रडतेस कशाला, असं एक बाजू म्हणते. रडतेस म्हणजे चूक कळली ना, असं दुसरी बाजू म्हणते. दोघांनाही तिचं रडणं कळलेलं नसतं.

बरं होणं म्हणजे काय?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचं 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हे पुस्तक १९९२ मध्ये आलं. घरातली हिंसा, लैंगिक अत्याचार, कैद यांतून वाचलेल्या माणसांवरचं हे काम आजही पायाभूत मानलं जातं. त्यांनी बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला सुरक्षितता, दुसरा आठवणं आणि शोक करणं, तिसरा पुन्हा माणसांशी जोडलं जाणं.

क्रम महत्त्वाचा आहे. डोक्यावर छप्पर नाही, हातात पैसा नाही, भाऊ शोधत फिरतोय, अशा बाईला समुपदेशनाच्या गप्पा सांगून उपयोग नाही. आधी राहायची जागा, आधार कार्ड, बँकेचं खातं, नोकरी. मन त्यानंतर बोलायला लागतं. दुसऱ्या टप्प्यात राग येतो, आणि तो येऊ द्यावा लागतो. काही महिने ती धर्माविषयी खूप कडवट बोलेल. ऐकणाऱ्याला ते लागेल. पण ती कडवट बोलते तेव्हा बहुतेक वेळा ती कुठल्या ग्रंथाशी भांडत नसते. ज्या माणसांनी त्या ग्रंथाचं नाव घेऊन तिला गप्प बसवलं, त्या माणसांशी तिचं भांडण असतं. तिसऱ्या टप्प्यात तिला नवी माणसं लागतात. इथेच बहुतेकजणी अडकतात, कारण नवी माणसं सहज मिळत नाहीत.

हे काम जगात काही ठिकाणी संस्था उभ्या करून झालं आहे. न्यूयॉर्कमध्ये हसिदी ज्यू पंथातून बाहेर पडणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी २००३ मध्ये 'फूटस्टेप्स' ही संस्था सुरू झाली. तिथल्या कित्येकांना इंग्रजीही धड येत नसतं, शिक्षण अर्धवट, लग्न लवकर झालेलं. संस्था त्यांना शिक्षणासाठी मदत करते, मुलांच्या ताब्याचे खटले लढायला आधार देते आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासारख्याच इतरांसोबत बसवते. याच पंथातून बाहेर पडलेल्या डेबोरा फेल्डमन यांच्या 'अनऑर्थोडॉक्स' या आत्मकथनावरची मालिका २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आपल्याकडेही अनेकांनी पाहिली. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेला 'फेथ टू फेथलेस' हा गटही असंच काम करतो. त्यात मुस्लिम घरांतून आलेली तरुण मंडळी बरीच आहेत.

ज्यू, ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू असा भेद इथे फार उरत नाही. केरळच्या सिस्टर जेस्मी यांनी तीस वर्षांहून अधिक काळ नन म्हणून काढल्यावर कॉन्व्हेंट सोडलं आणि २००९ मध्ये आलेल्या 'आमेन' या पुस्तकात आपला अनुभव मांडला. सिस्टर लूसी कलप्पुरा यांनी बलात्काराची तक्रार करणाऱ्या ननच्या बाजूनं उभं राहण्याचं धाडस केलं, २०१९ मध्ये त्यांच्या संघानं त्यांना काढून टाकलं. त्यांनी येशूला सोडलं नाही. पुरुषसत्ता कुठल्याही एका धर्माची मालमत्ता नाही. पण म्हणून आपल्या घरातली आपण बघायचीच नाही, असंही नाही.

महाराष्ट्रानं हे आधी पाहिलं आहे

आपल्या राज्यात बायकांनी धर्म सोडण्याचा इतिहास मोठा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा गेलेला, कडेवर लहानगी मनोरमा. संस्कृत शास्त्रं तोंडपाठ असलेल्या या बाईला त्या शास्त्रांमध्ये बाईसाठी जागा दिसली नाही. पण पुढची गोष्ट अनेकदा सांगितली जात नाही. ज्या ख्रिस्ती सिस्टरांकडे त्या राहिल्या, त्यांच्याशीही रमाबाईंचे खटके उडाले. चर्चचे अधिकारी सांगतील ते निमूट मानायला त्या तयार नव्हत्या. एका घरातली आज्ञाधारकता सोडून दुसऱ्या घरातली आज्ञाधारकता त्यांना नको होती. आणि त्या बऱ्या कशा झाल्या? स्वतःसारख्या बायकांसाठी काम उभं करून. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, पुढे केडगावचं मुक्तिसदन. हर्मनबाई ज्याला तिसरा टप्पा म्हणतात, तो रमाबाईंनी शंभर वर्षं आधी जगून दाखवला.

दुसरी गोष्ट १४ ऑक्टोबर १९५६ ची, नागपूरची. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यात पांढऱ्या लुगड्यांतल्या हजारो बायका होत्या. घरोघरचे देव्हारे रिकामे झाले. त्या बायकांना भीती वाटली नसेल? मरीआईचा कोप होईल असं मनात आलंच असेल. पण त्या एकट्या नव्हत्या. सगळी वस्ती सोबत होती. नवी गाणी आली, नवे सण आले, जन्म-लग्न-मरणाच्या नव्या रीती आल्या, विहार आले. जुनं सोडताना हातात नवं काही होतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात या चळवळीतल्या बायकांचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे. आणि धर्म बदलला तरी नवऱ्याचा हात लगेच थांबत नाही, हे बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आणि उर्मिलाताईंच्या 'आयदान'मध्ये बायकांच्या वाट्याला आलेलं जिणं वाचलं की कळतं.

यातून दोन धडे मिळतात. एकटीनं बाहेर पडणं आणि समूहानं बाहेर पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि धर्म सोडल्यानं पुरुषसत्ता आपोआप सुटत नाही. ती नव्या घरातही आधीच येऊन बसलेली असते.

तिसरी वाट आतून लढण्याची. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला. नुसत्या सात. दलवाई स्वतः धर्म मानत नव्हते, पण पत्नी मेहरुन्निसा दलवाईंना त्यांनी श्रद्धा सोडायची सक्ती केली नाही. त्यांच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनात हे सहजीवन दिसतं. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा बघायचा नाही असा फतवावजा ठराव झाला, तेव्हा रझिया पटेल या तरुण मुलीनं त्याविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईत १९८० च्या दशकात शहनाज शेख यांच्या लढ्यातून 'आवाज-ए-निस्वाँ' उभी राहिली. कुठल्याही धर्माची, श्रद्धा असलेली-नसलेली बाई तिथे जाऊन बसू शकते, आपलं बोलू शकते. कुणी तिला आधी कलमा म्हणायला सांगत नाही. खरं तर बरं होण्यासाठी नेमकी अशीच जागा लागते.

हादियाला एक न्याय, सफियाला दुसरा?

आता थोडं कडू बोलते. केरळमधल्याच हादियाची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. हिंदू घरातली मुलगी, वैद्यकीय शिक्षण घेताना तिनं इस्लाम स्वीकारला, पुढे निकाह केला. केरळ उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो विवाह रद्द केला, तिला आई-वडिलांच्या घरी पाठवलं. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सज्ञान स्त्रीला आपला धर्म आणि आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, हे मान्य झालं. आपण सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं. बरोबरच केलं.

मग तोच हक्क दुसऱ्या दिशेनं वापरणाऱ्या मुलीला का नाही? दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनचं तत्त्व आपण प्रत्येक सर्वधर्मीय सभेत अभिमानानं सांगतो. ते फक्त आत येणाऱ्यांसाठी आहे का?

मला ठाऊक आहे, लगेच उत्तर येईल की सध्याचे दिवस असे नाहीत. मुसलमानाच्या प्रत्येक घरगुती भांडणाची बातमी होते. 'द केरला स्टोरी'सारखा सिनेमा बत्तीस हजार मुलींचा आकडा घेऊन येतो, आणि नंतर जाहिरातीत तो तीनवर येतो. घर सोडून आलेल्या मुलीला माईकसमोर बसवून तिच्याकडून आपल्या सोयीचं वदवून घेणारे टपलेलेच आहेत. हे सगळं खरं आहे. पण विचार करा, याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो? त्याच मुलीला. ती बोलली तर 'त्यांच्या' हातातलं बाहुलं होते, गप्प बसली तर आतल्या आत कुढते. तिला समाजाला शिव्या द्यायच्या नसतात, तिला फक्त आपलं दुःख सांगायचं असतं. पण ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला तिच्या दुःखातून काहीतरी हवं असतं. जे तिचा वापर करतात ते दोषी आहेतच. पण ती त्यांच्या दारात गेली, कारण आपलं दार बंद होतं.

समाज म्हणून काय करता येईल?

मोठमोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. करता येण्यासारख्या काही सांगते.

पहिली, बहिष्कार नको. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा फक्त जातपंचायतींसाठी नाही, जमातीलाही लागू होतो. पण कायद्याच्या भीतीनं नको, माणुसकीनं थांबा. एखाद्या मुलीनं धर्म सोडला म्हणून तिच्या आई-वडिलांना लग्नाला न बोलावणं, तिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ मोडणं, हे कोणत्या दीनमध्ये बसतं?

दुसरी, फोन तोडू नका. आई-वडिलांसाठी हा फार मोठा धक्का असतो, ते मान्य. त्यांनाही रडायला जागा हवी. पण मतभेद ठेवूनही नातं ठेवता येतं. अम्मीनं आठवड्यातून एकदा 'जेवलीस का' एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

तिसरी, ज्या कारणांनी मुली दुरावतात ती कारणं बघा. खुलासाठी बाईला दोन-दोन वर्षं का थांबावं लागतं? १९३९ पासून कायदा असताना तिला त्याची माहिती का नसते? जमातीच्या बैठकीत तिचं म्हणणं तिच्या तोंडून का ऐकत नाही? आणि वारसाहक्काचं बोलायचं तर आधी आपलं घर तपासा. शरियतनं मुलीला वाटा दिला आहे म्हणून आपण छाती फुगवून सांगतो, आणि तलाठी कार्यालयात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो. तो वाटा तरी किती जणींच्या हातात पडतो? कासरगोडचे वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी मार्च २०२३ मध्ये विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, कारण त्यांना तिन्ही मुलींना सगळी मिळकत द्यायची होती. लोकांनी त्यांच्यावर टीका केली. त्यांच्यावर ही वेळ का आली, हे किती जणांनी विचारलं?

चौथी, मुलींच्या प्रश्नांना घाबरू नका. मदरशात, घरात मुलगी काही विचारते तेव्हा 'असले प्रश्न विचारू नये' हे उत्तर तिला आत ठेवत नाही, बाहेर ढकलतं. मशिदीत बाईला जागा असावी यासाठी पुण्यातल्या एका दांपत्याला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही. मग किती मशिदींनी त्यांच्यासाठी स्वच्छ जागा, वुजूची सोय केली?

पाचवी, मनाचा आजार हा इमानचा कमकुवतपणा नाही. झोप उडालेल्या, जीव द्यायचे विचार येणाऱ्या मुलीला तावीज नको, डॉक्टर हवा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं धर्माचा भेद न करता उपचाराचा हक्क दिला आहे. घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, तो सासरपुरता नाही, माहेरच्या छळालाही लागू होतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये 'दिलासा' केंद्रं आहेत. इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानमध्ये हे क्रमांक सांगितले तर किती घरांत पोहोचतील!

आणि समुपदेशकांनाही एक विनंती. तुमच्यासमोर बसलेल्या बाईला परत आणणं हे तुमचं काम नाही, तिला आणखी दूर नेणं हेही नाही. कुणी पुढे जाऊन पुन्हा नमाजकडे वळते, स्वतःच्या पद्धतीनं. कुणी कायमची बाहेर राहते. कुणी मधेच कुठेतरी, फक्त ईद आणि बिर्याणीपुरती मुस्लिम राहते. तिन्ही बऱ्या झालेल्या असू शकतात. ती भीतीशिवाय झोपू शकते का, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकते का, कुणावर तरी विश्वास ठेवू शकते का, हे बघा.

माझी ती मैत्रीण आता बरी आहे. वेळ लागला. चार-पाच वर्षं गेली. एक चांगली समुपदेशक मिळाली, दोन मैत्रिणी मिळाल्या. ती अजूनही नमाज पढत नाही. पण मागच्या ईदला तिच्या अम्मीनं गावाहून येणाऱ्या एका पोराच्या हाती शीरखुर्म्याचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिनं तो गरम केला, खाल्ला आणि अम्मीला फोन लावला. साखर कमी झाली म्हणाली. अम्मी म्हणाली, तुला कमीच लागते ना.

गावात कुणाला हे कळलं तर अम्मीला बोलणी बसतील. ती बोलणी थांबवणं आपल्या हातात आहे.